ढकललेलं ब्रेक ऑईल जातं कुठे? जुन्या गाडीच्या मऊ पेडलचा तपास

जुन्या गाडीचं ब्रेक पेडल मऊ लागायला लागलं की सल्ला ठरलेला असतो: हवा काढून घ्या. हवा काढली जाते, बाटलीभर ऑईल खर्ची पडतं आणि पुष्कळदा पेडल होतं तिथेच राहतं. मग पुन्हा हवा काढायची. त्यानेही भागलं नाही की मास्टर सिलिंडर बदलायचा. तो नवा बसवूनही पेडल खाली जात राहिलं की मग मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. माझं म्हणणं साधं आहे. हवा काढणं हा इलाज आहे, तपासणी नव्हे. आणि तपासणीचा मोठा भाग पाना हातात घेण्याआधी, सीटवर बसूनच उरकता येतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पेडल थेट तळाला टेकत असेल, किंवा टाकीतलं ऑईल दिसामाशी कमी होत असेल, तर ती गाडी 'जरा हळू चालवत' गॅरेजपर्यंत नेण्याच्या लायकीची नाही. ती उचलून न्यावी, नाहीतर उभी आहे तिथेच दुरुस्त करावी.

पाय आणि चाक यांच्यामध्ये काय असतं

पेडल म्हणजे एक तरफ. बहुतेक गाड्यांत तिचं प्रमाण चारास एक ते सहास एक यांच्या आसपास असतं. म्हणजे पाय पाच सेंटिमीटर खाली गेला तर मास्टर सिलिंडरमधला पिस्टन साधारण एक सेंटिमीटर सरकतो. हा पिस्टन ऑईल ढकलतो, ऑईल पाईपांतून चाकांपर्यंत जातं, तिथे कॅलिपरचे किंवा व्हील सिलिंडरचे पिस्टन पुढे येतात आणि पॅड डिस्कला किंवा लायनर ड्रमला भिडतात. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत चारही चाकांना आली आणि तिचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. द्रव दाबला तरी आक्रसत नाही, म्हणून इथलं ढकलणं जसंच्या तसं तिथे पोचतं.

सुई काढलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. तो हलणार नाही. आता थोडी हवा आत घेऊन तेच करा. दट्ट्या आत जातो आणि सोडला की मागे उसळतो. पायाला जाणवणारा स्पंजासारखा मऊपणा तो हाच.

पण इथेच लोक थांबतात आणि हवेवरच शिक्का मारतात. खरा प्रश्न त्याहून मोठा आहे. पिस्टनने अमुक इतकं ऑईल पुढे ढकललं, तरी दाब तयार झाला नाही. तर मग ते ऑईल गेलं कुठे? उत्तरं मोजकीच असतात. हवेचा बुडबुडा दाबण्यात गेलं. कुठून तरी बाहेर गळलं. मास्टर सिलिंडरच्या झिजलेल्या रबरावरून मागच्या मागे सटकलं. फुगलेल्या होजच्या, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या, पोटात मावलं. किंवा लायनर आणि ड्रम यांच्यामधली वाढलेली फट भरून काढण्यात खर्च झालं.

ही शेवटची शक्यता सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून तिचा हिशेब करून दाखवतो. समजा मास्टर सिलिंडरचा आतला व्यास २० मिलिमीटर आहे आणि मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचाही तितकाच. एका व्हील सिलिंडरमध्ये दोन पिस्टन, म्हणजे मागे एकूण चार. लायनर झिजल्यामुळे प्रत्येक पिस्टनला फक्त एक मिलिमीटर जास्त सरकावं लागतंय, एवढंच धरा. चारही पिस्टनना ते ऑईल पुरवायला मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला चार मिलिमीटर जास्त जावं लागतं. पेडलचं प्रमाण पाचास एक असेल तर पायाशी ते झाले वीस मिलिमीटर. ड्रममध्ये डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या फरकापायी पेडल दोन सेंटिमीटर खाली! यात हवेचा एकही बुडबुडा नाही. अशा गाडीची वर्षभर हवा काढत बसलात तरी पेडल वर येणार नाही.

हवेचा हिशेबही याच मापाने बघा. एक घन सेंटिमीटर हवा आत अडकली आहे आणि दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून १० बारने वर गेला (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचाच दाब). ती हवा आक्रसून मूळच्या अकराव्या हिश्श्याएवढी उरते. आक्रसलेली जागा भरायला सुमारे ०.९ घन सेंटिमीटर ऑईल लागलं, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये जवळपास तीन मिलिमीटर आणि पेडलपाशी सुमारे दीड सेंटिमीटर. पुढे दाब कितीही वाढला तरी उरलेली हवा फार जागा सोडू शकत नाही. म्हणूनच हवा शिरलेलं पेडल आधी भसकन खाली जातं आणि मग हळूहळू घट्ट होत जातं.

पेडल काय सांगतं

गाडी सपाटीवर, चाकांना अटकाव लावलेला, इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधला (इंजिनच्या व्हॅक्युमवर चालून पायाच्या जोराला हातभार लावणाऱ्या डब्यातला) व्हॅक्युम संपवून टाका. हे महत्त्वाचं आहे, कारण बूस्टर मदतीला असताना चांगलं पेडलही जरा मऊच लागतं. इंजिन चालू करून उभ्या गाडीत जोर लावून पेडल दाबायचं आणि 'बघा, खाली जातंय' म्हणायचं, ही परीक्षाच चुकीची. तेवढा जोर रस्त्यावर कधी लावावा लागत नाही. जाता जाता बूस्टरचीही खात्री करून घ्या: व्हॅक्युम संपवल्यावर पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर ठीक आहे. बूस्टर बिघडला तर पेडल कडक होतं, मऊ नाही. तेव्हा मऊ पेडलसाठी बूस्टर बदलायला कुणी सांगितलं तर आधी कारण विचारा.

आता खरी परीक्षा. पेडल एकदा दाबा, पूर्ण सोडा, लगेच पुन्हा दाबा. असं तीन-चार वेळा करा आणि प्रत्येक वेळी ते कुठे थांबतं आणि थांबताना कसं लागतं याकडे लक्ष द्या.

दर दाबाला पेडल वर येतंय आणि थांबतं तिथे दगडासारखं घट्ट लागतंय, तर संशय फटीवर घ्या. पहिल्या दाबाचं ऑईल मागे परतायच्या आत दुसऱ्या दाबाने टाकीतलं जास्तीचं ऑईल आत घेतलं आणि फट भरून निघाली. ब्रेक 'दुसऱ्या दाबाला लागतो' असं आपण म्हणतो, ते हेच.

वर येतंय, पण वरही लवचीकच लागतंय आणि सोडताना पायाला मागे उसळी देतंय, तर हवा. जुने रबरी होज फुगत असतील तरी जवळपास असंच लागतं, पण तिथे वारंवार दाबून फारसा फरक पडत नाही.

तिसरी तऱ्हा फसवी आहे. पेडल व्यवस्थित वर लागतं, पण त्यावर पाय नुसता टेकवून ठेवला तर ते हळूहळू खाली बुडतं. सिग्नलला उभं असताना हे लक्षात येतं. बाहेर कुठे गळती नसेल तर हा मास्टर सिलिंडर. गंमत अशी की जोरात दाबलं तर तेच पेडल टिकून राहू शकतं, कारण जास्त दाबाने झिजलेल्या रबराची कडा पसरून सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते. हलक्या दाबाला तेवढी पसरत नाही आणि ऑईल तिच्यावरून सटकतं. म्हणून ही परीक्षा हलक्या पायानेच घ्यायची, निदान अर्धा मिनिट. जोर लावून बघणाऱ्याला हा दोष सापडत नाही आणि तो 'काही नाही, ठीक आहे' म्हणून गाडी परत देतो.

पेडल एकदम अर्ध्यापर्यंत जाऊन मग अचानक घट्ट होत असेल तर दोनपैकी एक सर्किट, म्हणजे ऑईलची एक स्वतंत्र वाट, गेलंय. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र सर्किटं सक्तीची झाली, ती याचसाठी: एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं. त्याहून जुन्या, एकाच सर्किटच्या गाडीत ही सवलत नाही. तिथे एक होज फुटला की सगळंच गेलं. अशी गाडी बाळगणाऱ्याने हॅन्डब्रेकही कायम चोख ठेवावा.

आणि पेडल सकाळी उत्तम, घाट उतरताना मऊ, गाडी थंड झाल्यावर पुन्हा उत्तम? मग ऑईल जुनं झालंय. याबद्दल पुढे.

डोळ्यांचं काम

टाकीतली पातळी बघा, पण ती कमी असेल तर लगेच गळतीच धरू नका. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येत जातात आणि त्यांच्यामागे ऑईल भरत जातं. त्यामुळे पातळी संथपणे खाली जाणं स्वाभाविक आहे. वेगाने जाणं नाही.

गळती शोधताना चार जागा. चाकांच्या आतल्या बाजूला ओघळ आहेत का. ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कडा हळूच उचलून बघा. आत नुसता ओलावा चालेल, थेंब नकोत. मागच्या एक्सलवरून जाणारे लोखंडी पाईप, विशेषतः क्लिपच्या खाली जिथे चिखल साचून राहतो आणि गंज आतून खातो. आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे बसतो तो सांधा. ही चौथी जागा बनेल आहे. मागचं सील गेलं तर ऑईल थेट बूस्टरच्या पोटात जातं. जमिनीवर एक थेंब पडत नाही आणि टाकी मात्र रिकामी होत राहते. सिलिंडरचे दोन नट सैल करून तो पाईपांसकट किंचित पुढे ओढा आणि मागे बोट फिरवा. बोट ओलं आलं की शोध संपला. बूस्टर नसलेल्या गाड्यांत हेच ऑईल पेडलच्या दांड्यावरून आत, पायाखालच्या मॅटवर उतरतं. काही गाड्यांत क्लचही त्याच टाकीतून ऑईल घेतो, तेव्हा ब्रेकमध्ये काहीच सापडलं नाही तर क्लचच्या सिलिंडरकडेही एक नजर टाका.

होज बंद करून बघणं

पायाने सांगितलेलं पक्कं करायचं असेल तर याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. ब्रेक होजसाठी गुळगुळीत, गोल जबड्याचे खास क्लॅम्प मिळतात. जुन्या गाडीत साधारणपणे पुढे दोन आणि मागच्या एक्सलला एक असे तीन होज असतात, काहींत चार. सगळे बंद करा आणि पेडल दाबा. आता मास्टर सिलिंडर आणि लोखंडी पाईप एवढंच खेळात आहे, त्यामुळे पेडल वरच्या वर आणि कडक लागलं पाहिजे. तसं लागलं तर मास्टर सिलिंडर निर्दोष, पैसे वाचले. तरीही बुडत असेल तर दोष तिथेच. स्पंजासारखं लागत असेल तर हवा खुद्द मास्टर सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या जवळच्या पाईपात.

मग एकेक क्लॅम्प सोडत जा. प्रत्येक वेळी पेडल थोडं खाली येणारच. पण एका चाकाचा क्लॅम्प सोडल्यावर ते धाडकन उतरलं, तर तुमचा गुन्हेगार त्या चाकापाशी आहे.

साध्या पकडीने होज चिमटायचा नाही, आतला थर फाटतो. भेगाळलेला जुना होज क्लॅम्पनेही दाबू नये. खरं तर असा होज दिसला की परीक्षा बाजूला ठेवून तो बदलूनच टाकावा. तारेच्या जाळीचे होजही या परीक्षेतून वगळा. होज फुगतोय का हे हातानेही कळतं: एकाने पेडल जोरात दाबायचं, दुसऱ्याने होजभोवती मूठ धरायची. चांगला होज जेमतेम ताठरतो. थकलेला होज मुठीत फुगताना स्पष्ट जाणवतो.

ड्रमची फट

मागे ड्रम असतील तर हवा काढण्याआधी फट नीट करा. हा क्रम उलटा झाला की फटीमुळे खाली राहिलेलं पेडल हवेच्या खात्यात जमा होतं.

फटीचा संशय पक्का करायची सोपी रीत: हॅन्डब्रेक दोन-तीन दाते ओढा आणि पेडल दाबा. ते एकदम वर लागलं तर मागच्या लायनरची फट वाढलेली आहे, कारण हॅन्डब्रेकच्या केबलने लायनर ड्रमजवळ आणून ठेवले आणि ऑईलचं काम कमी झालं. मागे डिस्क असून हॅन्डब्रेक कॅलिपरमध्येच असेल, तर आपोआप फट जुळवणारी यंत्रणा अडकली की हेच लक्षण दिसतं.

ड्रम असलेल्या पुष्कळ गाड्यांत फट आपोआप जुळवणारा दात्यांचा अ‍ॅडजस्टर असतो, पण वीस-तीस वर्षांच्या धुळीने आणि गंजाने तो जाम झालेला असतो. त्यातच लोक एक उपद्व्याप करतात. लायनर झिजून हॅन्डब्रेक सैल झाला की फट जुळवण्याऐवजी केबल ताणतात. हॅन्डब्रेक वर लागतो, सगळे खूश. पण ताणलेल्या केबलमुळे लायनर त्यांच्या मूळ टेकूवर मागे येऊन बसत नाहीत आणि धड असलेला अ‍ॅडजस्टरही काम करेनासा होतो. म्हणून सुरुवात केबल पूर्ण सैल करण्यापासून.

मग ड्रम काढा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा हवेच्या नळीने धूळ उडवू नका. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसून घ्या. अ‍ॅडजस्टरचे आटे साफ करून जरासं ब्रेकचं ग्रीस लावा. डाव्या आणि उजव्या बाजूचे अ‍ॅडजस्टर बहुधा उलटसुलट आट्यांचे असतात. अदलाबदल झाली तर ते फट कमी करण्याऐवजी वाढवत नेतात. ड्रमवर त्याचा जास्तीत जास्त व्यास ओतीव अक्षरांत लिहिलेला असतो. त्यापलीकडे झिजलेल्या ड्रममध्ये नवे लायनर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

सगळं बसवून अ‍ॅडजस्टर फिरवत चाक जाम करा, पेडल दोन-चार वेळा दाबून लायनर मधोमध बसू द्या, पुन्हा फिरवा, आणि मग चाक हाताने फिरताना अगदी पुसट घासल्याचा आवाज येईल इतपतच मागे घ्या. दोन्ही बाजू झाल्या की शेवटी हॅन्डब्रेकची केबल. इतकं केल्यावर कित्येक गाड्यांचं पेडल हवा न काढताच जागेवर येतं.

पुढच्या डिस्कचं फटीचं दुखणं वेगळ्या जातीचं आहे. सरळ रस्त्यावर पेडल चांगलं आणि खडबडीत वळणानंतरचा पहिला दाब खोल, असं होत असेल तर व्हील बेअरिंग हलवून बघा. सैल बेअरिंगमुळे डिस्क डुलते आणि पॅडना मागे ढकलते. गाडी स्टँडवर घेऊन चाक वर-खाली धरून हिसडा दिला की खेळ लगेच कळतो. डिस्क स्वतः वाकडी असेल तरीही हेच होतं. त्यासाठी डायल गेज लावावा लागतो, आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं डुलणंही बहुतेक गाड्यांना जास्तच असतं.

आता हवा

हवा काढायचं तंत्र सगळ्यांना माहीत असतं आणि तरी ते वारंवार फसतं. फसायच्या जागा सांगतो.

निपल ही हवा बाहेर पडायची एकमेव वाट आहे आणि हवा वर चढते, म्हणून निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवं. दुरुस्तीत डावा कॅलिपर उजवीकडे बसला तर निपल खाली येतं आणि वरच्या पोकळीत हवा कायमची कोंडली जाते. स्वच्छ ऑईल येतंय, बुडबुडा नाही, तरी पेडल मऊ, असं असेल तर आधी निपलं कुठे आहेत ते बघा.

गंजलेलं निपल घाईत तोडलं तर दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, भोवताली हलके ठोके द्या, आणि चपटा पाना न लावता सहा कडांचा सॉकेट लावा.

क्रम साधारणतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून जवळच्याकडे. पण कर्णरेषेत विभागलेल्या सर्किटच्या गाड्यांत कंपनीचा क्रम वेगळा असू शकतो, तेव्हा मॅन्युअल प्रमाण. निपलावर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक थोडं ताजं ऑईल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून धरायचं, खाली असलेल्याने निपल पाव फेरा सोडायचं, पेडल खाली जाऊ द्यायचं, निपल बंद करायचं आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. बोलणं ठरवून घ्या: 'दाब', 'धर', 'सोड'. 'झालं का?' 'हो, थांब' असल्या गप्पांत पाय आधी उचलला जातो आणि बाहेर काढलेली हवा नळीतून परत आत येते. जोरजोरात पंपिंग तर मुळीच नको, त्याने मोठा बुडबुडा फुटून बारीक फेस होतो आणि तो काढणं महाकठीण.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पूर्ण तळापर्यंत जाऊ देऊ नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन ठरावीक पट्ट्यातच फिरतो. त्यापुढच्या न वापरलेल्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल तळाला नेलं की रबरी सील त्या खरखरीत भागावरून घासतात आणि चिरतात. 'हवा काढायला दिली आणि मास्टर सिलिंडर गेला' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. गॅरेजवाल्याने मुद्दाम काही केलेलं नसतं.

टाकी मधे रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. व्हॅक्युम पंपाने ओढत असाल तर निपलाच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत ओढली जाऊन नळीत न संपणारे बुडबुडे दिसतात. ते बघून ऑईलच्या चार बाटल्या संपवू नका. आणि घाई नसेल तर कॅलिपरचं निपल उघडून, नळी बाटलीत सोडून, टाकीवर लक्ष ठेवत ऑईल आपोआप ठिबकू द्या. गुरुत्वाकर्षण पगार मागत नाही.

मागच्या एक्सलवर वजनानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असलेल्या गाड्या आहेत. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा प्रवाह अडवतो. अशी गाडी चाकांवर उभी ठेवून, किंवा एक्सलखाली स्टँड देऊन हवा काढावी. एबीएस असलेल्या गाडीच्या मॉड्युलेटरमध्येच (ब्रेकचा दाब कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातच) हवा गेली असेल तर ती स्कॅनरने व्हॉल्व्ह उघड-झाप केल्याखेरीज सहसा निघत नाही. तिथे घरची मेहनत वाया.

मास्टर सिलिंडर बदलावाच लागला तर

तो गाडीत बसवण्याआधी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून, दोन्ही तोंडांना नळ्या जोडून त्या परत टाकीत सोडा आणि पिस्टन सावकाश आत-बाहेर करत बुडबुडे थांबेपर्यंत भरा. हे न करता कोरडा सिलिंडर गाडीत बसवला तर त्याच्यातली हवा चाकांपर्यंत लोटत न्यावी लागते, आणि ती सगळी येतेच असं नाही.

नवा सिलिंडर त्याच व्यासाचा आहे ना, हे सिलिंडरवर कोरलेल्या आकड्यावरून तपासा. व्यास लहान असेल तर दर मिलिमीटरला कमी ऑईल ढकललं जातं, पेडल लांब जातं आणि मऊ वाटतं. मोठा असेल तर पेडल वर आणि टणक, पण तेवढ्याच ब्रेकला पायाचा जोर जास्त. बूस्टरच्या दांड्याचं अंतरही बघा. दांडा आखूड राहिला तर पेडलची सुरुवातीची चाल फुकट जाते. लांब झाला तर ऑईल टाकीत परतायचं भोक झाकलेलंच राहतं, आणि दहा-पंधरा किलोमीटरांत ब्रेक आपोआप आवळत जाऊन चाकं तापतात.

ऑईलबद्दल

ब्रेक ऑईलच्या बाटलीवर 'डॉट' असा दर्जा लिहिलेला असतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ऑईलं ग्लायकोलची, आणि ती हवेतला ओलावा शोषतात, होजच्या रबरातूनसुद्धा. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर कॅलिपर तापतो, पाण्याने नासलेलं ऑईल तिथे उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. थंड झाल्यावर वाफ विरून जाते, म्हणून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत सगळं आलबेल. अशा गाडीत बिघाड शोधत बसण्यापेक्षा सगळं ऑईल बदला, आणि पुढेही दर दोन वर्षांनी बदलत राहा.

डॉट ५ हे सिलिकोनचं, वेगळ्याच कुळातलं. नाव जवळचं असलं तरी ते ५.१ च्या जागी, किंवा इतर कशातही मिसळून चालत नाही. आणि टाकीत चुकूनही इंजिन ऑईल किंवा कुठलंही खनिज तेल पडलं तर सीलची रबरं फुगून मऊ होतात. मग नुसतं धुऊन भागत नाही, सगळी रबरं बदलावी लागतात. ग्लायकोलचं ऑईल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसू नका.

काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल मध्यम जोराने मिनिटभर धरा. बुडायला नको. त्याच वेळी दुसऱ्याने प्रत्येक निपल आणि प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने टिपून बघावा. कागदावर ओला डाग डोळ्यांपेक्षा लवकर उमटतो. निपलांच्या रबरी टोप्या परत बसवा, कारण पुढच्या वेळी तेच निपल सुटणार की तुटणार हे पुष्कळसं त्या टोपीवर ठरतं. पहिली फेरी रिकाम्या जागी, चालण्याच्या वेगाने. नवे पॅड किंवा लायनर घातले असतील तर ते डिस्क-ड्रमवर पुरते बसेपर्यंत पेडल थोडं मऊच लागेल. मधल्या वेगातून हलके ब्रेक मारत, मधे गार होऊ देत थोडी गाडी चालवा. टाकीवर पातळीची खूण करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करण्याआधी ती बघा. बाटलीत जमलेलं ऑईल कितीही स्वच्छ दिसलं तरी परत टाकीत ओतायचं नाही. जुन्या इंजिन ऑईलच्या डब्यातही ते मिसळू नका, वेगळ्या बाटलीत ठेवून द्या.